दोन लिटरचे नाना

आमच्या सोसायटीत कुणी परदेशी निघालं की लोक नाना प्रश्न विचारतात. व्हिसा झाला का, थंडी किती असेल, तिकडे पोळ्यांचं काय करणार. आमचे नाना मात्र एकच प्रश्न विचारतात. "येताना कुठून येणार?" माणूस आजारी भावाला भेटायला चाललाय की पोराच्या पदवीदानाला, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. परतीचं तिकीट दोहावरून आहे की दुबईवरून, मध्ये किती तास बसावं लागणार आणि बरोबर मोठी माणसं किती, एवढं कळलं की त्यांचे डोळे मिटतात आणि ओठ हलू लागतात. नवख्याला वाटतं, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून स्तोत्र पुटपुटताहेत. ते दोनाचा पाढा म्हणत असतात.

परदेशातून येणाऱ्या मोठ्या माणसाला दोन लिटरपर्यंत दारू जकात न भरता भारतात आणता येते. व्हिस्की आणा, वाइन आणा, बिअर आणा, सगळं मिळून दोन लिटर. हे पुष्कळांना माहीत असतं, पण त्यांना ती सवलत वाटते. नानांना तो हक्क वाटतो. आणि वेळेत बजावला नाही तर हक्क बुडतो, हे त्यांना बँकेच्या तपासणी खात्यात उभी नोकरी काढल्यामुळे पक्कं ठाऊक आहे. दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं सिंगापूरला जाऊन हात हलवत परत आलं, तेव्हा नाना त्यांच्याकडे गेले ते जवळजवळ समाचारालाच. "चार लिटर," एवढंच बोलले आणि चहा न घेता उठले. त्या जोडप्याला दोन मुलं आहेत, एक सातवीत आणि एक तिसरीत. त्यांच्याकडे नाना ज्या नजरेने बघतात ती मला आवडत नाही. विमानाचं तिकीट जवळजवळ पूर्ण आणि कोटा शून्य, असा तो हिशोब असतो.

यावरून नाना पिणारे असतील असा समज होईल, तो आधीच दूर करतो. नाना वर्षातून एकदा पितात. एकतीस डिसेंबरला, खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजून, आणि तीही रम. स्टेशनजवळच्या वाइन शॉपमधून बिल मागून घेतलेली. तो दुकानदार त्यांना ओळखतो, कारण त्याच्याकडे बिल मागणारं गिऱ्हाईक दुसरं नाही. शिवाय नानांकडे परवाना आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, हे इथल्या बऱ्याच पिणाऱ्यांच्या गावीही नसतं. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत, वर्षाचा शंभर रुपयांत आणि आजन्म हवा असेल तर हजार रुपये. नानांनी आजन्म घेतला आणि लॅमिनेट करून टाकला. वर्षाला एक दिवस या हिशोबाने तेवढ्याच हजारात दोनशे वर्षं पिता आलं असतं, हे काकूंनी त्यांना दाखवून दिलं, तर म्हणाले, "तोपर्यंत दर हाच राहील याची हमी कोण देणार?"

तर प्रश्न दारूचा नाही, दोन लिटरचा आहे. ते दोन लिटर काठोकाठ भरले पाहिजेत. आपल्याकडे दुकानात मिळतो तो खंबा साडेसातशे मिलीलिटरचा. तसे दोन आणले तर दीड लिटर होतं आणि अर्धा लिटर हक्क हवेत जातो. युरोपातली बाटली सातशेची. दोन आणल्या तर सहाशे मिली बुडाले, तीन आणल्या तर शंभर मिली जास्त झाले. या शंभर मिलींनी नानांची किती रात्रींची झोप नेली असेल! एका भाच्याला त्यांनी फोनवर सुचवलंही होतं की तिसरी बाटली फोडून शंभर मिली कुणाला तरी पाजून टाक आणि मग ये. पण फोडलेली बाटली आणणं नानांच्याच तत्त्वात बसेना, म्हणून तो बेत त्यांनीच रद्द केला. विमानतळावर खास प्रवाशांसाठी एक लिटरची बाटली ठेवणारा माणूस कोण होता ते त्यांना माहीत नाही, पण त्याच्याबद्दल ते आदराने बोलतात. जॉनी वॉकरबद्दलही बोलतात, पण चवीसाठी नाही. १८६० च्या सुमाराला त्या लोकांनी गोल बाटली सोडून चौकोनी केली. कारण चौकोनी बाटल्या खोक्यात जास्त मावतात आणि फुटतात कमी. "याला म्हणतात विचार," नाना म्हणतात. आत काय भरलंय, त्याचा उल्लेख नाही.

आणि बिअर! पहिल्या मजल्यावरचा तरुण ब्रसेल्सहून हौसेने बिअरचे सहा कॅन घेऊन आला. तीनशे तीस मिलीचा एक, म्हणजे एक लिटर नऊशे ऐंशी मिली. नानांनी कॅन हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "पूर्ण कोटा देऊन पाणी आणलंस," ते म्हणाले. दाराशी पोचल्यावर वळून म्हणाले, "आणि वर वीस मिली वाया."

या विषयात नानांचा अभ्यास दांडगा आहे. ऐकणारा मिळाला की ते शॅननपासून सुरुवात करतात. आयर्लंडच्या पश्चिमेला शॅनन हा विमानतळ आहे. पूर्वी अटलांटिक ओलांडणारी विमानं तेल भरायला तिथे उतरत आणि प्रवासी खाली येऊन नुसते उभे राहत. ब्रेंडन ओ'रेगन नावाच्या माणसाच्या मनात आलं, की हे लोक विमानातून उतरले खरे, पण आपल्या देशात शिरलेले नाहीत, मग यांना आपला कर कसला? १९४७ साली त्याने तिथे बिनकराचं दुकान थाटलं. जगातलं विमानतळावरचं पहिलं ड्युटी फ्री. पुढे १९८३ मध्ये दुबईचं दुकान उभं राहिलं तेही याच आयरिश मंडळींच्या हाताखाली. काकूंना काशी-रामेश्वर करायचंय, नानांना एकदा शॅननला उतरायचंय. तिथे आता त्यांच्या मार्गावरचं एकही विमान थांबत नाही, ही त्यांची खंत आहे. माणूस जमिनीवर उभा असतो पण कोणत्याच देशात नसतो, ही कल्पना नानांना फार भावते. त्यांच्या मते मोक्ष म्हणतात तो साधारण असाच असणार, कारण तिथेही कर नसेल.

त्यांच्या इतिहासात सुवर्णकाळ आहे तसं परचक्रही आहे. ते ऑगस्ट २००६ मध्ये आलं. अटलांटिकवरून जाणारी विमानं पातळ स्फोटकांनी उडवण्याचा कट लंडनमध्ये पकडला गेला, आणि तेव्हापासून हातातल्या बॅगेत शंभर मिलीपेक्षा मोठी बाटली नेता येईनाशी झाली. ड्युटी फ्रीच्या दारूसाठी तोडगा निघाला तो सीलबंद पारदर्शक पिशवीचा. पावती आत, बाहेरून वाचता येईल अशी, आणि शेवटच्या मुक्कामापर्यंत पिशवी उघडायची नाही. अमेरिकेत तर दुकानदार पैसे घेतो पण बाटली हातात देत नाही. विमानात चढायच्या वेळी दाराशी आणून देतो. हे ऐकल्यावर आमच्यापैकी एकाने, "एवढाही विश्वास नाही का आपल्यावर?" असं विचारलं. नाना म्हणाले, "नसावाच." बँकेत तपासणी खात्यात काम केलेल्या माणसाला अविश्वासासारखी गोड गोष्ट नाही.

तर या पिशवीचं पावित्र्य त्यांच्या पुतण्याने भंग केलं. न्यूयॉर्कहून येताना त्याने काकांच्या सांगण्यावरून दोन लिटर नीट घेतलं. मधल्या विमानतळावर चार तास काढायचे होते. पिशवी हातात कापते म्हणून शहाण्याने सील फाडलं आणि बाटल्या पाठीवरच्या सॅकमध्ये मोज्यांत गुंडाळून ठेवल्या. पुढच्या तपासणीला यंत्रातून सॅक गेली आणि बाटल्या तिथल्या पिंपात गेल्या. त्याच दिवशी त्याने काकांना फोन करून सांगितलं. नानांनी आधी विचारलं, "मोजे आणलेस ना?" मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला त्या पुतण्याला बोलावणं उशिरा गेलं.

मुंबईला उतरल्यावर आणखी बंगलोर किंवा नागपूरचं विमान धरणाऱ्या माणसाला तर नाना घरी बोलावून शिकवणी देतात. मुंबईत सामान हातात आलं की बाटल्या आधी मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध, मगच ती बॅग पुढच्या विमानाला द्यायची. हातात धरून पुढच्या तपासणीला गेलात की संपलं. हे सगळं ते लिहूनही देतात, कागदाच्या दोन्ही बाजूंना, क्रमांक घालून. एकाने तो कागद पासपोर्टमध्येच ठेवला आणि इमिग्रेशनच्या खिडकीत पासपोर्टाबरोबर तोही दिला. आतल्या माणसाने तो शेवटपर्यंत वाचला म्हणे.

खरं तर मुंबईच्या विमानतळावर उतरल्यावरही ड्युटी फ्री आहे. इमिग्रेशन झालं की सामानाच्या पट्ट्याकडे जाताना वाटेतच लागतं. समुद्र ओलांडून बाटल्या वाहायच्या नाहीत, पिशवी सांभाळायची नाही, पासपोर्ट दाखवायचा, पैसे द्यायचे, झालं. नानांची बुद्धी म्हणते इथेच घ्यावं. मन तयार होत नाही. न्यू जर्सीत सहा महिने राहून आलेल्या माणसाने व्हिस्की सहारला घेतली, हे चारचौघांत सांगायचं कसं? त्यावर त्यांनी काढलेला मार्ग असा, की लेकीकडून निघताना तिथल्या एका मोठ्या दुकानाची चांगली जाड कागदी पिशवी घडी घालून आणायची आणि टॅक्सीत बसल्यावर माल तिच्यात घालायचा. मी ही अदलाबदल डोळ्यांनी पाहिली आहे. काकू अशा वेळी खिडकीबाहेर बघतात.

आता विहीणबाईंची हकीकत सांगितली पाहिजे. नानांच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात मोठा मोहरा आणि सगळ्यात मोठी दहशत. लेक एडिसनला असते. तिच्याकडे त्या वर्षी नाना, काकू आणि जावयाच्या आई असे तिघंही होते, आणि परतीची तिकिटं तिघांची एकाच विमानाची निघाली. सहा लिटर! नानांनी आयुष्यात एका विमानात एवढा कोटा पाहिला नव्हता. फक्त विहीणबाई साताऱ्याकडच्या, माळकरी. एकादशीला पाणीसुद्धा विचार करून पिणाऱ्या.

नियम असा आहे, की एका प्रवाशाच्या सवलतीत दुसऱ्याची सवलत मिसळता येत नाही. सहाच्या सहा लिटर नानांच्या ट्रॉलीवर ठेवून 'हे आमच्या तिघांचं' म्हणता येत नाही. ज्याचं त्याने न्यायचं. विमान खाली येऊ लागलं तसं नानांनी विहीणबाईंना समजवायला सुरुवात केली. पासपोर्ट तुमचा, पावती तुमच्या नावाची, पिशवी तुमच्या हातात. कुणी विचारणार नाही. विचारलंच तर 'माझी आहे' म्हणायचं. विहीणबाई सगळं शांतपणे ऐकून घेत होत्या. व्याह्यांचा शब्द मोडायचा नाही, अशी त्यांना शिकवण. "बरं," म्हणाल्या.

दुकानात पैसे नानांनी दिले. मग हिरव्या वाटेने वरात निघाली. पुढे नाना, मध्ये काकू, मागे नऊवारी, गळ्यात तुळशीची माळ, पायात मुलाने घेऊन दिलेले पांढरे बूट आणि हातात दोन लिटर स्कॉच अशा विहीणबाई. अधिकारी दुसरीकडेच बघत होता. नाना पार झाले, काकू पार झाल्या. आणि विहीणबाई वाट सोडून सरळ त्याच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, या पिशवीत दारू आहे."

अधिकारी मराठीच होता. "असू दे आजी. तुमचीच ना?"

"माझी आहे असं सांगायला मला सांगितलंय."

आता त्याला खुर्चीवरून उठावंच लागलं. "मग कुणाची आहे?"

"पावती माझ्या नावची. पैसे आमच्या व्याह्यांनी दिले. ते काय, तिथे घाम पुसतायत ते. पिणार कोण ते मला ठाऊक नाही. मी माळकरी बाई, मला खोटं बोलता येत नाही, म्हणून आहे ते सांगून टाकलं."

त्याने पावती वाचली, बाटल्या पाहिल्या, माळ पाहिली आणि लांबवर उभ्या असलेल्या नानांनाही नीट पाहून घेतलं. "दोनच लिटर आहे. नियमात आहे. जा तुम्ही."

"तुमचं समाधान झालं ना?"

"झालं आजी."

"नाहीतर ठेवून घ्या हो. मला मेलं ओझंच आहे."

हे शेवटचं वाक्य नानांना अजून स्वप्नात ऐकू येतं म्हणतात. मुलुंड येईपर्यंत टॅक्सीत कुणी तोंड उघडलं नाही. ठाण्याला पोचल्यावर विहीणबाईंनी डोक्यावरून आंघोळ केली, आणि नानांनी त्यांच्या पिशवीवर पेन्सिलीने बारीक अक्षरात 'वि.' असं लिहून ठेवलं. तो ऐवज कपाटात निराळा ठेवलेला आहे. जप्तीतून सुटलेल्या मालाला नानांच्या लेखी वेगळं मोल आहे.

कपाट म्हणजे काकूंचं साड्यांचं कपाट. मधल्या फळीवर पुढे इरकली, नारायणपेठा, लग्नातला शालू, आणि त्यांच्यामागे भिंतीला टेकून ब्लॅक लेबल, शिवास रीगल, ग्लेनफिडिच. प्रत्येकीवर आणल्याची तारीख, वाहकाचं नाव, ड्युटी फ्रीतली किंमत आणि त्या वेळी तीच बाटली ठाण्यात केवढ्याला मिळत होती तो आकडा. त्या दोन आकड्यांतला फरक नाना एका वहीत मांडतात. वहीच्या शेवटच्या पानावर एकूण बचत. ती बघितली की कुणालाही वाटेल की या माणसाला नुसत्या बाटल्या आणून छोटं घर घेता आलं असतं. बाटल्यांना दिलेले पैसे त्या वहीत कुठेच नाहीत.

क्वचित एखादी बाटली बाहेर जातेही, गुडघ्याचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना किंवा जावयाच्या मामांना. पण बाटली पिण्याची असते तशी देण्याघेण्याचीही असते, साडीसारखीच. डॉक्टर पीत नव्हते. त्यांनी ती आपल्या चार्टर्ड अकाउंटंटला दिली, त्याने व्याह्यांना, आणि फिरत फिरत ती सोसायटीच्या सेक्रेटरींकडून नानांच्या पंचाहत्तरीला परत आली. सीलबंद पिशवीत, आतल्या पावतीवर नानांचंच नाव आणि विमानाचा नंबर. दुसरा कुणी ओशाळला असता. नानांनी सील तपासलं, शाबूत आहे असं पाहिलं आणि वहीतली 'जावक' खोडून 'आवक' केली.

त्या पंचाहत्तरीला आम्ही सात-आठ जण गच्चीवर बसलो होतो. आता तरी साड्यांमागून काहीतरी निघेल, अशी सगळ्यांना आशा. चकणा उत्तम होता, काकूंनी केलेली तळलेली डाळ आणि भजी. नाना खालून जपून एक ट्रे घेऊन आले. ट्रेवर स्टेशनजवळच्या दुकानातली रम होती आणि शेजारी बिल. "निःशंक मनाने घ्या," म्हणाले, "हिच्यावर सगळा कर भरलाय."

मग यंदाच्या पावसाळ्यात ती मधली फळी वाकली. एक लिटरची भरलेली बाटली दीड किलोच्या वर जाते, आणि फळी काही स्कॉटलंडचा विचार करून बसवलेली नव्हती. सुतार आला. साड्या बाहेर काढल्या, तसा मागचा देखावा त्याला दिसला. त्याने काम मन लावून केलं, खालून दोन पट्ट्या जास्तीच्या मारल्या आणि मजुरीची वेळ आली तेव्हा डोकं खाजवत म्हणाला, "काका, पैसे राहू द्या. त्यातली एक द्या की."

नाना आत जाऊन वही घेऊन बसले. मी तेव्हा तिथेच होतो, त्यामुळे हिशोब मलाही दाखवला. सुताराची मजुरी बाटलीच्या ड्युटी फ्री किमतीहून जास्त होती आणि ठाण्यातल्या किमतीहून कमी. म्हणजे बाटली दिली तर नानांचा फायदा आणि घेतली तर सुताराचाही फायदा. एवढा चोख व्यवहार त्यांच्या वहीत आजवर झाला नव्हता. ते उठले, एक ब्लॅक लेबल काढली, फडक्याने पुसली, उजेडात धरून सील पाहिलं. सुताराने दोन्ही हात पुढे केले. नानांनी बाटली परत जागेवर ठेवली, पाकीट काढलं आणि मजुरी रोख मोजून दिली, वर पन्नास रुपये चहाचे.

तो गेल्यावर मी विचारलं, "नाना, दोघांचाही फायदा होता. द्यायला काय हरकत होती?"

"अहो, काय बोलताय!" नाना कपाटाला कुलूप लावत म्हणाले. "तो पिऊन टाकेल ना!"